पाटल्या मोडण्यापूर्वी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातल्या पत्रांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचे ते आहे. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे. त्या लिहितात, "गावातल्या हॉटेलांचे आणि मंगल कार्यालयांचे खरकटे गोळा करून त्यावर गॅसचा प्लान्ट टाकावा असे फार दिवस मनात आहे. यंत्रे विकणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले. रोज दोनशे किलो कचरा घातला की हॉटेलातली मोठी दोन सिलिंडरे भरतील एवढा गॅस मिळतो, असे ते सांगतात. यांच्या नोकरीची सहा वर्षे राहिली आहेत, मुली दोन. माझ्या चार पाटल्या आहेत, त्या मोडून आगाऊ रक्कम भरावी का? पंधरा तारखेच्या आत भरली तर सवलत आहे."

ताई, पंधरा तारीख जाऊ द्या. असल्या सवलतीची पंधरा तारीख दर महिन्याला येते!

धंदा वाईट आहे असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. उलट, गावातल्या बाईने हाती घ्यावा असा तो आहे. पण त्या गृहस्थांनी सांगितलेला हिशेब आधी पाटीवर मांडून पाहू या. (शाळेत अर्धवेळ का होईना शिकवते ना, खोड जात नाही.)

हॉटेलातले ते निळे सिलिंडर १९ किलोचे. दोन म्हणजे ३८ किलो. आता आपला कचरा. शिजलेले अन्न, पोळ्यांचे तुकडे, भाजीचे देठ असे मिसळलेले ओले खरकटे एक टन घेतले, तर त्यातून साधारण ८० ते १०० घनमीटर बायोगॅस निघतो. दोनशे किलोला १६ ते २०. या गॅसमध्ये जळणारा मिथेन वायू ५५ ते ६० टक्केच असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो काही जळत नाही. त्यामुळे एक घनमीटर बायोगॅस सिलिंडरमधल्या सुमारे ४५० ग्रॅम गॅसचे काम करतो. म्हणजे दोनशे किलो खरकट्यातून रोज मिळाले सात ते नऊ किलो. दोन दिवसांनी एक सिलिंडर. रोज दोन नव्हे!

माझ्या पाटीवर विश्वास नसेल तर इंदूरचे उदाहरण घ्या. तिथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्याच्या गॅसचा प्रचंड प्रकल्प सुरू झाला. त्याची ताकद रोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७ हजार किलो शुद्ध केलेला गॅस देण्याची. भागाकार करून पाहा, टनाला ३१ किलो येतात. दोनशे किलोला सहा किलोंच्या थोडे वर. एवढी मोठी यंत्रसामग्री, एवढे इंजिनियर, आणि तरी जीवाणू काही आपल्याकडल्यापेक्षा जास्त गॅस देत नाहीत.

तेव्हा ते सात-आठ किलो धरा. तुमच्या गावात व्यापारी सिलिंडर ज्या भावाने मिळते त्याला १९ ने भागा आणि आठाने गुणा. जी रक्कम येईल तीत दोन माणसांचा रोज, छोट्या टेंपोचे डिझेल, कचरा बारीक करणाऱ्या यंत्राची वीज आणि बँकेचा हप्ता बसतो का ते बघा. बहुतेक गावी बसणार नाही. इथेच पुष्कळ जण फसतात, कारण नावच गॅस प्लान्ट. मग पैसा गॅसमधूनच यायला हवा असे वाटते.

दुसरी गोष्ट त्या गृहस्थांनी सोयीस्करपणे गाळली. सिलिंडर भरतील एवढा गॅस म्हणजे सिलिंडर भरता येतात असे नव्हे. आपल्या घरचा गॅस थोड्याशा दाबाने पातळ होतो, म्हणून तो लाल टाकीत मावतो. मिथेन आपल्या हवामानात कितीही दाबला तरी पातळ होत नाही. तो टाकीत भरायचा तर आधी शुद्ध करायचा आणि मग दोनशेपट दाबाने कोंबायचा. त्याला भारी कॉम्प्रेसर आणि स्फोटक-सुरक्षेचा परवाना लागतो. हा परवाना देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पण म्हणून तो सहज मिळतो असे नाही. केंद्र सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तेल कंपन्यांमार्फत असा गॅस विकत घेण्याची योजना आणली खरी. पण ती टनांनी कचरा हाताळणाऱ्यांसाठी, बादल्यांनी हाताळणाऱ्यांसाठी नव्हे. कोणी घरच्या सिलिंडरमध्ये बायोगॅस भरून देतो म्हणाला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

म्हणून छोट्या प्लान्टचा गॅस जिथे तयार होतो तिथेच जळाला पाहिजे. नळीने पोचेल एवढ्या अंतरावर रोज पेटणारी भट्टी हवी. खानावळ, वसतिगृहाचे स्वयंपाकघर, फरसाणवाला, देवस्थानचे अन्नछत्र. आधी ही भट्टी शोधायची आणि मग टाकीची जागा ठरवायची. आपण नेमके उलटे करतो. दिरांचा मोकळा प्लॉट गावाबाहेर आहे, तिथे टाकी बांधतो आणि मग गॅसचे करायचे काय म्हणून डोक्याला हात लावून बसतो!

आता पैसा कुठून येतो ते सांगते. पहिला रुपया कचरा उचलण्याचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या हॉटेलांवर, संस्थांवर, वसाहतींवर आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी टाकली. तेव्हापासून मोठ्या शहरांतल्या हॉटेलवाल्यांना कचरा नेणाऱ्याला पैसे मोजायची सवय लागत गेली. तालुक्याच्या गावी मात्र हॉटेलमालक म्हणेल, "घेऊन जा की, तुम्हाला फुकटच देतो." इथे संकोच करू नका. फुकट घेतलेला कचरा महागात पडतो, कारण त्याबद्दल तक्रार करायचा आपल्याला हक्क राहत नाही. आज प्लास्टिकचे पेले आले, उद्या काचा आल्या, तरी गप्प! महिन्याला थोडी का होईना रक्कम ठरवा आणि कागदावर लिहून घ्या: किती वाजता द्यायचा, कशात भरून, त्यात काय नसावे, आणि ते आढळले तर बादली परत. दुसरा रुपया गॅसचा, तिसरा खताचा. हा क्रम ज्यांना पटला त्यांनीच पुढे वाचावे.

गावात कचरा पुष्कळ आहे असे आपण म्हणतो, पण रोज आहे का? टाकी म्हणजे पोट आहे हो. चार दिवस लंघन आणि पाचव्या दिवशी पंगत, हे तिला मानवत नाही. मंगल कार्यालयाचेच बघा. लग्नसराईत एका दिवसात पाचशे किलो खरकटे, आणि चातुर्मास लागला की महिनोन्‌महिने शुकशुकाट. वसतिगृहे दिवाळीत आणि मे महिन्यात रिकामी. भाजी मंडईत रोज टोपल्याच्या टोपल्या पाला पडतो, पण कोबीच्या पानांत नि दुधीच्या सालीत बहुतेक पाणीच, गॅस थोडा. उलट शिळा भात, भाकरीचे तुकडे, पिठाच्या गिरणीत झाडून काढलेले पीठ यांत खरा जोर. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी हेच ओळखून पिष्टमय पदार्थांवर चालणारा घरगुती बायोगॅस तयार केला, आणि त्यांच्या 'आरती' या संस्थेला त्यासाठी २००६ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तेव्हा तुमच्या गावातला गिरणीवाला हॉटेलवाल्याइतकाच महत्त्वाचा. खानावळ आणि गिरणी हा रोजचा वरणभात, मंडई ही कोशिंबीर, आणि कार्यालयातले जेवण सणासुदीचे. तेही एकदम न घालता बेताने. शिवाय एखाद्या गोठ्याशी बोलून ठेवावे. कचरा कमी पडला तर शेण घालून दिवस निभावता येतात.

टाकी किती मोठी? दोनशे किलो कचऱ्याला तेवढेच पाणी, म्हणजे रोजचे चारशे लिटर. आपल्या हवेत ते चाळीसेक दिवस आत राहिले पाहिजे. झाले सोळा हजार लिटर; वरची मोकळी जागा धरून वीस. यापेक्षा बरीच लहान टाकी कोणी सुचवत असेल तर तो यंत्र स्वस्त दाखवण्यासाठी पोट लहान करतो आहे, हे ओळखावे. ज्या गावी नळाला चार दिवसांनी पाणी येते तिथे बाहेर पडणारी स्लरी गाळून तिचेच पाणी काही प्रमाणात पुन्हा वापरता येते. सगळेच मात्र नको, क्षार साठत जातात.

सुरुवात विरजणाने. दुधात विरजण घालतो तसे टाकीत ताज्या शेणाचा काला घालायचा, निम्मे शेण, निम्मे पाणी. निम्मी टाकी भरायची तर चार टन शेण लागेल. ते आणायचा खर्च कोणत्याच माहितीपत्रकात नसतो! मग दोन-तीन आठवडे थांबायचे. पहिला गॅस येतो त्यात हवा मिसळलेली असते, तो पेटवायचा नाही, सोडून द्यायचा. ज्योत नीट निळी जळू लागली की खरकटे सुरू करायचे, तेही रोज दहा किलोंपासून. दोनशेपर्यंत पोचायला दीड-दोन महिने लागू द्यावेत. या दोन महिन्यांत हाती एक पैसा येत नाही आणि माणसांचा पगार तर चालू असतो. कर्जाचा अंदाज करताना हे महिने धरायचे आहेत बरं का.

घाई केली की टाकी आंबते. जास्त खाल्ल्यावर आपल्याला आंबट ढेकर येतात ना, तसेच. आम्ल करणारे जीवाणू चटचटे असतात, मिथेन करणारे सावकाश. खाणे वाढले की पहिले पुढे धावतात आणि दुसरे गुदमरतात. गॅस तर भरपूर दिसतो, फुगा टम्म, पण शेगडीवर ज्योत धरत नाही, विझते. कारण तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. अशा वेळी नवखा माणूस आणखी कचरा घालतो! खरे म्हणजे खाणे बंद करून थोडा शेणकाला घालावा आणि वाट पाहावी. औषधाच्या दुकानात मिळणारी आम्ल ओळखायची कागदी पट्टी रोज बुडवून वहीत आकडा लिहिला, तर ज्योत विझण्याच्या आधीच कळते. आकडा सातच्या आसपास हवा. साडेसहाच्या खाली जाऊ लागला की हात आखडायचा. अंदाजाने नव्हे, वही पाहून. ज्या बाईला दुधाचा आणि वाण्याचा हिशेब कॅलेंडरवर लिहायची सवय आहे, तिला हे जड नाही.

काय घालू नये? नारळाच्या करवंट्या, हाडे, अंड्यांची टरफले आत जशीच्या तशी राहतात आणि तळाशी बसतात. लिंबू-मोसंबीच्या सालींतले तेल जीवाणूंना सोसत नाही. चार-दोन चालतील, रसवंतीचे पोते नको. तळणीचे तेल फार झाले तर वर जाड साय धरते. आणि चमचे! हॉटेलच्या खरकट्यात चमचे फार सापडतात. एक चमचा कचरा बारीक करणाऱ्या यंत्रात गेला की दिवसाचे काम थांबते. म्हणून बादली ओतण्याआधी पाटावर पसरून हाताने निवडणे आलेच.

हे निवडण्याचे काम कोण करील? आपल्या गावात कचरा वेचणाऱ्या बाया आहेत. कचऱ्यातले काय कुजते नि काय कुजत नाही याचे त्यांच्याइतके ज्ञान कोणा इंजिनियरलाही नसेल. पुण्यात अशा भगिनींच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. तुम्ही माणूस नेमणार असाल तर आधी त्यांना विचारा. हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचे इंजेक्शन, हात धुवायला साबण आणि बसून डबा खायला जागा एवढे पहिल्या दिवसापासून द्या. शेजारच्या काकू नाक मुरडतील, मुरडू देत. खरे तर वास टाकीचा येतच नाही, ती हवाबंद असते. वास येतो दारात पडून राहिलेल्या कचऱ्याचा. आलेला कचरा त्याच दिवशी आत गेला आणि फरशी धुतली की कुत्री नाहीत, घुशी नाहीत, काकूही नाहीत.

धोक्याविषयी मात्र गंभीरपणे लिहिते. टाकीत माणूस उतरवायचा नाही. रिकामी केली तरी नाही, दोर बांधूनही नाही, "पाच मिनिटांचे काम आहे बाई" म्हटले तरी नाही. आत प्राणवायू नसतो, आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा जो वायू असतो तो जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. एक उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, अशी दुर्दैवे वर्तमानपत्रात आपण वाचतो. टाकी साफ करायची तर पंप आणि तयारीची माणसे बोलवावीत. नळीची गळती साबणाच्या फेसाने बघावी, काडी पेटवून कधीच नाही. तोच वासाचा वायू शेगडी नि पाइप गंजवतो, म्हणून गॅस लोखंडाच्या किसातून गाळून घेतात. तो कीस वेळच्या वेळी बदलावा लागतो. नळीत पाणीही साठते, ते काढायला खालच्या जागी तोटी ठेवावी. आणि नेहमीची शेगडी या गॅसवर जशीच्या तशी चालत नाही, तिची भोके मोठी करून घ्यावी लागतात.

खताचे सांगायचे राहिले. जी स्लरी बाहेर पडते ती शेतकऱ्याला आवडते, पण नेणार कशी? पातळ वस्तू वाहून नेणे महाग. जवळ रोपवाटिका किंवा भाजीचा मळा असेल तर उत्तम. नाहीतर गाळून, वाळवून, पालापाचोळ्यात मुरवून विकायचे. पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा छपराची जागा हवी. पोत्यावर नाव छापून 'खत' म्हणून विकायचे ठरवले तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे परवानगी नि तपासणी येते. आधी कृषी कार्यालयात चौकशी करा.

कागदपत्रांत फार वेळ दवडत नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि नगरपालिकेचा ना-हरकत दाखला बांधकामापूर्वी घ्यायचा असतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेच्या २०२२ च्या नियमांत महिलेने स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे आणि शहरी भागात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, असे होते. सध्या काय चालू आहे ते जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन समक्ष विचारा. यंत्र विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. आणि त्या नियमांत हे अनुदान हाती मिळत नव्हते, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहत होते. "अनुदानातून हप्ता फेडू" असे कोणी सुचवले तर हे ध्यानात असू द्या.

गोबर गॅस आपल्याला नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्याच्या गॅसचा उपयोग झाला होता. जशभाई पटेलांच्या तरंगत्या झाकणाच्या टाक्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या वर्षांत खेडोपाडी नेल्या. भाभा अणुसंशोधन केंद्राने खरकट्यासाठी 'निसर्गऋण' प्लान्ट काढला, तो माथेरानलाही बसवला गेला. शास्त्र पक्के आहे. ढिले आहे ते रोजचे चालवणे. यंत्र बसवून फीत कापणारे पुष्कळ, सातव्या महिन्यात सकाळी आठ वाजता बादली घेऊन उभे राहणारे थोडे.

म्हणूनच ताई, मला एक वेगळेच सुचते. तुमच्या गावात किंवा शेजारच्या शहरात एखाद्या वसतिगृहात, इस्पितळात, मोठ्या वसाहतीत बसवलेला आणि बंद पडलेला बायोगॅस आहे का पाहा. असण्याचा संभव बराच. तो चालवून द्यायचे काम महिन्याच्या ठराविक मोबदल्यावर मागा. टाकी त्यांची, कचरा त्यांचा, भट्टी त्यांची; तुमचे फक्त शहाणपण आणि दोन माणसे. वर्षभरात टाकी आंबणे, ज्योत विझणे, चातुर्मास, मे महिना सगळे अनुभवून होईल. मग स्वतःची बांधायची की आणखी दोन ठिकाणची चालवायला घ्यायची हे तुम्हालाच कळेल. पाटल्या तोवर कपाटात राहतील.

आणि या महिन्यात करायचे काम एवढेच. भंगारवाल्याकडून एक ताणकाटा आणा. दोन खानावळी, एक गिरणी आणि मंडईतले एक टोक निवडा. पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्यांचे खरकटे वजन करून वहीत लिहा. कचरा घरी आणायचा नाही, तिथेच तोलायचा. चार रकाने पाडा: वजन, त्यात शिजलेले किती, नको ते काय निघाले, आणि बादली तयार होती की थांबावे लागले. रविवार आणि एकादशी चुकवू नका, त्या दिवशीचेच आकडे खरे कामाचे. वही भरली की मला पाठवा. टाकी किती मोठी लागेल ते आपण दोघी मिळून काढू.